एक सप्टेंबरचा नियम

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर मोठीने मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की, कॉलेजच्या आर्थिक मदतीचे फॉर्म ती भरून मला पाठवणार आहे, कारण "आजीचं फॉर्ममध्ये कधी चुकत नाही" असं तुमचा बाबा म्हणाला. दुसरी तिने जरा हळू आवाजात सांगितली. पहिली दोन वर्षं घराजवळच्या कमी फीच्या कम्युनिटी कॉलेजात काढून मग मोठ्या विद्यापीठात जायचं असा विचार घरात चालला आहे, आणि हे तिने अजून एकाही मैत्रिणीला सांगितलेलं नाही. तेवढ्यात धाकटा मागून म्हणाला, "ती रडली पण, आजी." मग फोन बंद झाला.

म्हणून मी आजच लिहायला बसले आहे. फॉर्म जरूर पाठव, मी बघेन. पण बाबा म्हणाला ते खरं नाही. माझं एकदा चुकलं आहे, चांगलंच चुकलं आहे, आणि ते तुमच्या वॉटफर्डच्या ताईच्या कॉलेजच्या बाबतीत चुकलं. ताईची गोष्ट तुम्हाला एवढीच ठाऊक आहे की ती इंजिनियर झाली. त्याआधीचं मी कोणाला नीट सांगितलेलं नाही. मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही ते जिना उतरता उतरता वाचून संपवलं असतं. बाबाला शेजारी बसवा आणि सावकाश वाचा.

ताई म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीची मुलगी. माझी भाची आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे जावई, पुण्याहून वर्क व्हिसावर इथे आले तेव्हा ताई तेरा वर्षांची होती. ते लंडनजवळ वॉटफर्डला घर भाड्याने घेऊन राहिले. मी पिनरला, ट्रेनने फार तर वीस मिनिटांवर. त्यांना इथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं, त्यामुळे गॅसचं बिल कसं वाचायचं इथपासून शाळेचा दाखला कसा मागायचा इथपर्यंत सगळं ते मला विचारत. मला ते आवडत असे, हेही लिहून टाकते.

मी नागपूरला इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, तुमच्या आजोबांशी लग्न करून इथे आले, आणि नोकरी मिळाली ती हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात. निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. एक फाइल जागेवर नसली की डॉक्टर खोळंबतो, पेशंट खोळंबतो, हे मी तिथे शिकले आणि ती शिस्त घरी घेऊन आले. निवृत्तीनंतर रविवारी सकाळी अकरा ते एक आमच्या जेवणाच्या टेबलावर आपली माणसं कागद घेऊन येऊ लागली. व्हिसाचे, शाळेचे, कौन्सिलचे. आजोबा त्याला दवाखाना म्हणत. दार उघडून आत ओरडत, "डॉक्टरीणबाई, तीन पेशंट आलेत, एकाने चकल्या आणल्यात." आजोबा गेल्यावरही दवाखाना चालू राहिला. तिथे मी सांगेन ते अखेरचं, असं हळूहळू होऊन गेलं होतं.

आता नियम सांगते, म्हणजे पुढचं समजेल. इथे विद्यापीठाची फी बहुतेक मुलं घरातून भरत नाहीत. सरकार कर्ज देतं. फी परस्पर विद्यापीठाला जाते, राहण्याजेवणासाठी वेगळं कर्ज मिळतं, आणि फेड नोकरी लागल्यावर पगारातून होते. पण हे ज्यांना इथे कायम राहायची परवानगी आहे त्यांच्यासाठी. वर्क व्हिसावर आलेल्यांची मुलं परदेशी विद्यार्थी धरली जातात. त्यांना कर्ज नाही, आणि फी कितीतरी पट. ताईच्या घरचं बळ पाहता परदेशी फी म्हणजे विद्यापीठ नाहीच, असा सरळ अर्थ होता. कायमची परवानगी पाच वर्षांनी मिळते. ताईची पाच वर्षं भरत होती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, आणि तिचा सिव्हिल इंजिनियरिंगचा कोर्स सुरू होत होता सप्टेंबरच्या चोवीस तारखेला. उत्तरेकडच्या एका चांगल्या विद्यापीठाने तिला जागा देऊ केली होती.

अर्ज पाच वर्षं भरायच्या आधी महिनाभर करता येतो. तो जुलैतच गेला असता, पण एकदा अर्ज केला की उत्तर येईपर्यंत देशाबाहेर जाता येत नाही. आणि जुलैच्या शेवटी ताईच्या पुण्याच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. माणसाने ऐंशी पार केली, हजार पौर्णिमा पाहिल्या, म्हणून घरचे मोठा सोहळा करतात तो. एकुलता एक मुलगा त्याला गेला नाही असं होऊ शकत नव्हतं. तिघेही गेले. परत आले ते ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि त्याच रविवारी माझ्या टेबलाशी हजर झाले.

जावयांनी फाइल उघडली. "मावशी, दोन मार्ग आहेत. साधा अर्ज केला तर कधी उत्तर येईल सांगता येत नाही. तातडीचा केला तर दुसऱ्या दिवशी निकाल. पण त्याचे माणशी वेगळे पैसे आहेत, आणि नुकतंच पुण्याहून आलोय."

"कोर्स कधी सुरू होतो?" मी विचारलं.

"चोवीस सप्टेंबर."

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि आठवडे मोजले. त्या वर्षी माझ्या टेबलावरून गेलेल्या साध्या अर्जांची उत्तरं चार-पाच आठवड्यांत आली होती. "सहा आठवडे हातात आहेत," मी म्हणाले. "साधाच करा. कशाला उगाच एवढे पैसे घालवायचे?"

भाचीचा चेहरा उजळला. "बघा, मी म्हटलं नव्हतं, मावशींना विचारू म्हणून?"

ताई जिन्याच्या पायरीवर फोन घेऊन बसली होती. ती स्क्रीनवर बोट सरकवत काहीतरी वाचत होती.

जावई दोघींना घेऊन क्रॉयडनला गेले आणि अर्जासाठी तिघांच्या बोटांचे ठसे देऊन आले. आणि मी सांगितल्याप्रमाणे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परवानगी आली. चोवीस तारखेच्या चांगलीच आधी. भाचीने फोन केला तेव्हा मी खरोखर मनात म्हणाले, अंदाज बरोबर आला. तिने पेढे केले होते, ते घेऊन जावई माझ्याकडे आले.

चार दिवसांनी विद्यापीठाचं पत्र आलं. विद्यार्थी कोणत्या गटातला हे कोर्स सुरू होण्याच्या दिवशी बघत नाहीत. शरद ऋतूत सुरू होणाऱ्या सगळ्या कोर्सेससाठी एक सप्टेंबर ही तारीख धरतात, वर्ग कधीही सुरू होवोत. एक सप्टेंबरला ताईला कायमची परवानगी नव्हती. म्हणून ती परदेशी विद्यार्थी. आणि एकदा तसं नाव घालून कोर्स सुरू केला की पुढची वर्षंही तसंच धरलं जाणार होतं. जायचं नसेल तर तिची जागा एक वर्ष राखून ठेवायला ते तयार होते.

मी ते पत्र टेबलाशी बसून तीन वेळा वाचलं. मग विद्यार्थी कर्जाच्या माहितीपत्रकात बघितलं. तिथे ते छापलेलंच होतं. मी त्या पानापर्यंत गेलेच नव्हते. मी कॅलेंडर मोजलं होतं.

मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. भाची म्हणाली, "नशीब एकेकाचं, मावशी." जावई म्हणाले, "या लोकांचे नियमच विचित्र." मी चुकले असं कोणी म्हणेना, आणि मीही म्हणाले नाही. त्या गप्प बसण्यात मला सुटल्यासारखं वाटलं, ही त्यातली वाईट गोष्ट.

ताईने आठवडाभरात स्वतःच काहीतरी शोधलं. बसने वीस मिनिटांवर एक कॉलेज होतं, विद्यापीठ नव्हे. तुमच्याकडच्या कम्युनिटी कॉलेजचा इकडचा चुलतभाऊ म्हणा. तिथे शाळा सुटलेली मुलं येतात, नोकरी गेलेली माणसं येतात, केस कापायला शिकणारे, वायरिंग शिकणारे, विटा रचायला शिकणारे, नव्याने इंग्रजी शिकणारे. ताईचं वय अजून एकोणीसच्या आत होतं, त्यामुळे वर्कशॉपचा एक वर्षाचा इंजिनियरिंग कोर्स तिला फुकट मिळत होता.

भाचीला ते पटलं नाही. "अगं, तिथे प्लंबर शिकतात."

"हो. आणि आपल्याकडे प्लंबरला बोलावलं तर तो तीन आठवडे येत नाही," ताई म्हणाली. "एवढं काम असतं त्यांना."

"वर्षभर घरी बसून पुढच्या वर्षीचा अभ्यास कर की."

"आई, मी घरी बसले तर तू मला रोज लोकांसमोर सांगशील की हिचं वर्ष गेलं. त्यापेक्षा मी बाहेर बरी."

ती जाऊ लागली. पोलादी टोकाचे बूट, निळा कोट, पाठीवर सॅक. भिशीच्या दिवशी कोणी विचारलं की भाची म्हणे, "ती सध्या एक कोर्स करते आहे," आणि पटकन चहा विचारे. कॉलेजचं नाव सांगत नसे. मोठे, तुला मैत्रिणींना सांगवेना, तसंच ते होतं. फक्त इथे मुलीला सांगायला काही वाटत नव्हतं आणि आईला वाटत होतं.

ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी ताई माझ्याकडे राहायला आली. मी पोळ्या करत होते आणि ती कट्ट्यावर बसून त्या गरम गरम खात होती. मी सहज म्हणावं तसं म्हणाले, "तो एक सप्टेंबरचा नियम कुठे लिहिलेला असतो, कोणाला कळणार?"

"मला कळला होता की," ती म्हणाली.

मी उलथनं बाजूला ठेवलं. "कधी?"

"त्याच दिवशी. जिन्यावर बसून वाचलं ना मी. तुम्ही कॅलेंडर मोजत होतात तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"कारमध्ये बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, मावशींनी बघितलंय ना? मग झालं. त्यांना काय फोन करून चूक दाखवायची?" तिने पोळीचा तुकडा तुपात बुडवला. "मला वाटलं, असेल, मीच चुकीचं वाचलं असेल. मावशीआजी, ती पोळी करपतेय."

करपली खरी. तिच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच मला जड गेलं. अठरा वर्षांच्या मुलीने नियम वाचला होता, बरोबर वाचला होता, योग्य वेळी सांगितला होता. त्या दिवशी घरी पोचल्यावर कोणी मला फोन केला असता तर दुसऱ्या दिवशी तातडीचा अर्ज गेला असता. माझा मान राखला म्हणून तो गेला नाही. आमच्या घरांत वडीलधाऱ्यांचा मान राखतात याचा मला आयुष्यभर अभिमान होता. त्या शनिवारी पहिल्यांदा मला त्याची दुसरी बाजू दिसली.

फेब्रुवारीत कॉलेजची ओपन इव्हिनिंग होती, पालकांनी येऊन वर्ग बघायची संध्याकाळ. जावई कामात होते, म्हणून भाचीने मला बरोबर घेतलं. खरं तर तिला एकटीने जायचं नव्हतं. वर्कशॉपमध्ये शिरल्यावर तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास आला. सोळा बाकं, प्रत्येकावर लोखंड घट्ट धरायचा एक शिकंजा, आणि भिंतीवर मुलांनी बनवायच्या वस्तूंचे मापांसकट नकाशे लावलेले. ताई लोखंड कातायच्या एका लेथपाशी उभी राहून एका पालकाला काहीतरी समजावत होती. मागून एक दणकट मुलगा ओरडला, "प्रोफेसर, तुझी फॅमिली आली." ती सगळं वहीत लिहून ठेवते म्हणून मुलांनी तिचं नाव प्रोफेसर ठेवलं होतं. मी ती वही पाहिली. बाजूला रंगीत खुणा, आत अनुक्रमणिका, तारखा उजवीकडे. माझ्या फायलींसारखी, फक्त अक्षर माझ्याहून चांगलं.

तिचे शिक्षक जहाजाच्या कारखान्यात आयुष्य काढून मग शिकवायला आलेले गृहस्थ होते. अंगठ्याचं एक पेर नव्हतं. ते आम्हाला भिंतीपाशी घेऊन गेले आणि एका नकाशाकडे बोट केलं. दुरुस्तीच्या कामाला लागते तशा छोट्या लोखंडी शिडीचा नकाशा होता. त्यावर एक माप लाल पेनाने खोडून दुसरं लिहिलं होतं आणि शेजारी ताईच्या नावाची आद्याक्षरं.

"हा मी काढला आहे," ते म्हणाले. "अकरा वर्षं यावरून शिकवतोय. अकरा वर्षं मुलं या मापाचा तुकडा आखूड कापतात आणि मी त्यांना म्हणतो, तुम्ही नीट मोजलं नाही. हिने पहिल्या महिन्यात हात वर केला आणि म्हणाली, सर, नकाशाच चुकलाय."

भाची घाबरीघुबरी झाली. "सॉरी, ती जरा जास्त बोलते."

ते तिच्याकडे बघत राहिले. "बाई, ती बोलली म्हणून यंदा सगळ्यांच्या शिड्या बरोबर बसल्या. मी तिचं नाव घातलंय ते शिक्षा म्हणून नाही."

परत येताना आम्ही बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसलो. बरंच अंतर गेल्यावर मी म्हणाले, "तिचं वर्ष माझ्यामुळे गेलं."

"काहीतरीच काय, मावशी."

"नाही, ऐक. मी वाचलं नव्हतं. तिने वाचलं होतं. तिने गाडीत सांगितलं आणि तुम्ही मला विचारलं नाहीत."

भाचीने पर्सची चेन उघडली, बंद केली. मग म्हणाली, "ह्यांचं म्हणणं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलं असतं. दोन दिवस. आणि तिसऱ्या दिवशी पोरगी विद्यापीठात असती."

तिने पर्स बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही तरी आधी का नाही बोललात?" पाच महिन्यांत मला कोणी विचारलेला तो पहिला सरळ प्रश्न होता. तिने तो विचारला याचं मला बरं वाटलं.

एप्रिलमध्ये ताईने घरात बॉम्ब टाकला. उत्तरेकडची राखून ठेवलेली जागा तिला नको होती. याच कॉलेजात हायर नॅशनल सर्टिफिकेट म्हणून एक वर्षाचा कोर्स होता, पदवीच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा. फी विद्यापीठापेक्षा कमी, राहायचं घरीच. तो करून लंडनमधल्या एखाद्या विद्यापीठात थेट दुसऱ्या वर्षाला जायचं, असा तिचा बेत. रविवारी तिघेही माझ्याकडे आले.

"मावशी, आता तुम्हीच सांगा हिला," जावई म्हणाले. "मिळालेली जागा सोडतेय. एवढी पाच वर्षं इथे काढली ती हिने त्या वर्कशॉपमध्ये राहावं म्हणून? आणि कॉलेजचं वर्ष कोणी धरलंच नाही तर? पुन्हा पहिल्या वर्षापासून? तुमचं ती ऐकेल."

"म्हणूनच मी सांगणार नाही," मी म्हणाले. "आज ती वाचेल आणि आपण तिघं ऐकू."

त्या दिवशी टेबलावर कॅलेंडर नव्हतं. ताईने नियम मोठ्याने वाचायचा, मी फक्त "हे कोणी म्हटलंय? कुठे लिहिलंय?" एवढंच विचारायचं, आणि उत्तर नसेल तर तो प्रश्न कागदावर उतरवून त्या त्या कचेरीला लिहून पाठवायचा. तोंडी उत्तर चालायचं नाही. जावयांना सुरुवातीला ते चमत्कारिक वाटलं. मोठ्यांनी गप्प बसायचं आणि मुलीने वाचायचं. दुसऱ्या रविवारी मात्र त्यांनीच तीन प्रश्न काढले, आणि तिन्ही चांगले होते. या वर्षाचं कर्ज घेतलं तर पुढच्या वर्षांतून ते वजा होतं का, हा त्यांचा.

कर्जाच्या फॉर्मवर आईवडिलांचं उत्पन्न भरायचं असतं, कारण राहण्याजेवणाची मदत त्यावर ठरते. ते पान आलं तेव्हा जावयांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि आकड्यावर हात आडवा धरून टाइप करू लागले.

"बाबा, मावशीआजी बघत नाहीयेत, त्या चकली खातायत," ताई म्हणाली. "आणि मी तर बघणारच. फॉर्म माझा आहे."

"सासरच्या माणसांसमोर पगार सांगायची पद्धत नाही आपल्यात."

"पगार नाही विचारलाय. गेल्या पूर्ण टॅक्स वर्षाचं उत्पन्न विचारलंय. तुम्ही महिन्याचं घालताय."

त्यांनी हात काढला. आकडा खरोखर चुकला होता. मी खिडकीबाहेर बघत होते, शपथेवर सांगते.

आम्ही तीन विद्यापीठांना लिहिलं. एकाने सरळ नाही म्हटलं. दुसऱ्याचं पत्र दोन पानी होतं आणि त्यातून हो की नाही ते कळत नव्हतं. तिसऱ्याने लिहिलं की या कोर्सनंतर दुसऱ्या वर्षाला प्रवेश देतो, पण गणिताच्या दोन्ही भागांत वरची श्रेणी हवी. ताईने ती ओळ दोनदा वाचली. कर्जाच्या कचेरीचं उत्तरही लेखी आलं: या कोर्सचं कर्ज धरूनही पदवीपर्यंत तिची कर्जाची वर्षं पुरत होती. मग तिने उत्तरेकडच्या विद्यापीठाला जागा नको म्हणून कळवलं. बटण दाबायच्या आधी तिने आमच्याकडे पाहिलं. मग तिने दाबलं.

त्या क्षणापासून सगळं त्या गणितावर होतं. श्रेणी आली नाही तर जागाही गेली आणि वर्षही. भाचीने स्वयंपाकघरातला टीव्ही वर्षभर लावला नाही. कॉलेजच्या गणिताच्या बाई आठवड्यातून दोन दिवस चारनंतर थांबत, आणि ताईबरोबर तो दणकट मुलगाही थांबे, ज्याने शाळेत गणित सोडलं होतं. जूनमध्ये निकाल लागला. एका भागात वरची श्रेणी होती, दुसऱ्यातही होती. भाचीने मला फोन केला आणि म्हणाली, "मावशी, मिळालं." त्या आठवड्यातल्या भिशीत तिने कॉलेजचं पूर्ण नाव घेतलं, कोणी न विचारता, दोनदा.

ताई दुसऱ्या वर्षाला गेली. पहिल्या सत्रात ती मागे पडली होती, हेही सांगते, कारण बाकीच्यांनी एक विषय आधी केला होता आणि तिने नव्हता. नाताळच्या सुट्टीत तिने तो भरून काढला. प्रयोगशाळेत मात्र ती पुढे होती. इतर मुलं बोल्टला हात लावायला बिचकत आणि ही विचारी, "पाना कुठे आहे?"

पदवीदानाला आम्ही तिघेच होतो, प्रत्येक विद्यार्थ्यामागे तीनच तिकिटं होती. मी नागपूरची करवतकाठी साडी नेसले होते. तिचं नाव पुकारलं तेव्हा जावई उभे राहिले, आणि मागच्यांनी बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मीही उभी राहिले. मला कोणी बसा म्हटलं नाही.

आता ती क्रॉयडनच्या एका कचेरीत असते. जुने पूल दुरुस्त होत असताना त्यांना खालून तात्पुरता आधार द्यावा लागतो, त्या आधारांची मापं ठरवणं हे तिचं काम. कर्ज दर महिन्याला पगारातून परस्पर वळतं होतं. ती म्हणते, पगारपत्रकावर दिसतं, खिशाला फारसं कळत नाही. मध्यंतरी तिच्या हाताखाली विद्यापीठातून नवी आलेली एक मुलगी दिली. ताईने तिला पहिल्या दिवशी सांगितलं, माझं माप चुकलेलं दिसलं तर लगेच सांग, दुपारच्या चहाची वाट बघू नकोस. हे मला भाचीने सांगितलं, ताईने नाही.

मोठे, तू विचारलं नाहीस तरी सांगते. तुझ्या घराजवळच्या कॉलेजातली वर्षं तुझ्या विद्यापीठात धरतात का, कोणते विषय धरतात, किती गुण लागतात, हे आत्ताच लेखी मागव. तिकडचे नियम मला येत नाहीत. फॉर्म पाठवशील तेव्हा आधी तू बाबाला आणि मला फोनवर मोठ्याने वाचून दाखव. मी मध्ये काही म्हटलं आणि ते तुझ्या कागदाशी जुळलं नाही, तर थांबव मला. धाकट्यालाही जवळ बसव, तोही ऐकू दे. मैत्रिणींना कधी सांगायचं ते तुझं तू ठरव. मी मात्र माझ्या भिशीत सांगून टाकलं आहे, की माझी नात कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाणार आहे. दोघी-तिघींनी आपल्या नातींसाठी इकडच्या अशा कॉलेजांची माहिती विचारली.

ताईच्या कॉलेजची पुढची मोठी इमारत गेल्या वर्षी विकली गेली. तिथे फ्लॅट होत आहेत. संध्याकाळचे वर्ग बंद झाले, ते शिक्षक निवृत्त होऊन समुद्राकाठी राहायला गेले. मागचं वर्कशॉप तेवढं राहिलं आहे. सोळाही बाकं आहेत, आणि सकाळी नऊला ते उघडतं.